‘बघाच’ म्हणण्यापूर्वी

1951 साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवाला जपानचा एक चित्रपट हवा होता. जपानी सिनेमा कसा असतो हे तेव्हा युरोपात फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. म्हणून टोकियोत राहणाऱ्या जुलियाना स्त्रामिजोली या इटालियन बाईंकडे विचारणा झाली. बाई जपानी भाषा-साहित्याच्या अभ्यासक. तिथे इटालियन शिकवायच्या आणि जोडीला इटालियन चित्रपट जपानात आणणाऱ्या संस्थेचा कारभारही बघायच्या. त्यांनी बरेच चित्रपट पाहिले आणि अकिरा कुरोसावाच्या ‘राशोमोन’वर बोट ठेवलं.

गंमत अशी, की ज्या दाएई कंपनीने तो काढला होता तिलाच तो पाठवायचा उत्साह नव्हता. कंपनीच्या प्रमुखांच्या तो डोक्यावरून गेला होता. त्यात त्यांचाही फार दोष नाही. चित्रीकरण सुरू व्हायच्या आधी कुरोसावाचे तीन सहायक दिग्दर्शक ‘पटकथा कळत नाही’ अशी तक्रार घेऊन त्याच्याकडे गेले होते. एक खून, त्याच्या चार हकिकती, चारही एकमेकींशी न जुळणाऱ्या, आणि खरी कुठली ते सांगायला कुणी नाही. असला माल परदेशात कोण घेणार? पण बाई अडून बसल्या. ‘राशोमोन’ व्हेनिसला गेला आणि तिथलं सर्वोच्च पारितोषिक घेऊन आला. कुरोसावाला तर तो तिथे गेल्याचाही पत्ता नव्हता. मासे पकडायला गेलेला हा गृहस्थ रिकाम्या हाताने घरी परतला, बायकोने दारातच अभिनंदन केलं, तर याचा प्रश्न: कशाबद्दल?

पुढचं सर्वांना माहीत आहे. त्यानंतर लागोपाठ तीन वर्षं, 1952 ते 1954, व्हेनिसने केन्जी मिझोगुचीच्या चित्रपटांना पारितोषिकं दिली आणि जपानी सिनेमा जगाच्या नकाशावर आला तो कायमचाच. मला मात्र या हकिकतीत कुरोसावापेक्षा बाईंचं काम जास्त मोलाचं वाटतं. त्यांनी परीक्षण लिहिलं नाही, तारे दिले नाहीत. इटलीतला प्रेक्षक युद्धानंतर काय बघत होता हे त्यांना माहीत होतं, कारण तेच चित्रपट त्या जपानात आणत होत्या. आणि जपानी चित्रपट त्यांना आतून कळत होता. दोन्ही बाजूंना ओळखणारी ही व्यक्ती मधे उभी राहिली आणि म्हणाली, हा बघा. प्रस्तुत पुस्तकाचा विषय हे मधे उभं राहणं आहे.

यातले लेख जगभरच्या चित्रपटांवर आणि मालिकांवर आहेत. बहुतेकांची सुरुवात ‘काय बघू, सांग ना’ या प्रश्नातून झाली. हा प्रश्न विचारणारी माणसं समीक्षेची वाचक असतातच असं नाही. कुणी नुकतं निवृत्त झालेलं असतं, कुणाची मुलगी परीक्षेच्या धबडग्यातून सुटलेली असते, कुणाला रात्री झोप लागत नसते. त्यांना चित्रपटाचं मूल्यमापन नको असतं, त्यांना त्यांच्या आजच्या रात्रीपुरता चित्रपट हवा असतो. आपल्याकडे परीक्षण आणि शिफारस ही एकच गोष्ट समजली जाते. मला त्या दोन वेगळ्या वाटतात. परीक्षण लिहिताना समोर चित्रपट असतो. शिफारस करताना समोर माणूसही असतो, आणि खरी पंचाईत तिथेच होते. चित्रपट उत्तम आहे एवढं सांगून भागत नाही. तो तुमच्याकडून काय मागतो (वेळ, धीर, पोटात कालवाकालव सोसण्याची तयारी) आणि त्याच्या बदल्यात काय देतो, हे सांगावं लागतं. साडेतीन तारे या आकड्यात यातलं काहीच मावत नाही.

शिफारशीने काय घडू शकतं याचं आपल्या देशातलं उदाहरण ‘पथेर पांचाली’. पैसे संपल्यामुळे चित्रीकरण रखडलेलं. 1954 मध्ये जॉन ह्यूस्टन हा अमेरिकन दिग्दर्शक आपल्या एका चित्रपटासाठी जागा शोधत कलकत्त्यात आला होता. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या मन्रो व्हीलर यांना दिग्दर्शक सत्यजित राय यांच्या कामाची छायाचित्रं आधीच आवडली होती. ह्यूस्टनने तयार झालेला थोडासा, आवाज नसलेला भाग पाहिला आणि व्हीलर यांना चांगला अभिप्राय दिला. मे 1955 मध्ये संग्रहालयाने चित्रपट दाखवला, तोही उपशीर्षकांशिवाय. पुढच्या वर्षी कानमध्ये तो गौरवला गेला. आता हेही बघा: 1958 मध्ये तो न्यूयॉर्कच्या चित्रपटगृहात लागला, तेव्हा ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे बॉस्ली क्राउदर हे त्या काळचे बडे समीक्षक त्याच्या घडणीवर जाम नाराज होते. हॉलिवूडमध्ये हा कच्चा खर्डा म्हणूनही जेमतेम खपेल, अशा आशयाचं त्यांनी लिहिलं. चित्रपट त्याच शहरात महिनोन्‌महिने चालला. क्राउदर मूर्ख नव्हते. त्यांच्या हातात हॉलिवूडची फूटपट्टी होती आणि तिने चित्रपटातल्या निश्चिंदीपूर गावाचं अंगण मोजायला ते निघाले होते.

परदेशी चित्रपटाच्या बाबतीत ही फूटपट्टीची भानगड वारंवार होते. 1960 साली कानमध्ये आन्तोनियोनीचा ‘लाव्हेन्तुरा’ दाखवला, तेव्हा प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. एक तरुणी बेटावर हरवते, तिला शोधायला निघालेली माणसं हळूहळू तिला विसरतात, आणि चित्रपटही तिला विसरतो. रहस्यपट बघायला बसलेला माणूस चिडणारच. अभिनेत्री मोनिका व्हित्ती आणि दिग्दर्शक प्रेक्षागृहातून निघून गेले. लगेच रोबेर्तो रोसेलिनीसह अनेक चित्रपटकर्मींनी आणि समीक्षकांनी चित्रपटाच्या बाजूने सह्यांचं पत्रक काढलं. महोत्सवाने त्याला ज्युरी पारितोषिक दिलं, आणि दोनच वर्षांनी ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश मासिकाच्या जागतिक कौलात तो दुसऱ्या क्रमांकावर होता. त्याच 1960 मध्ये मायकेल पॉवेलच्या ‘पीपिंग टॉम’ला मात्र असं पत्रक लाभलं नाही. ब्रिटिश समीक्षक त्याच्यावर इतके तुटून पडले, की चित्रपट घाईघाईने उतरवला गेला आणि पॉवेलची इंग्लंडमधली कारकीर्द जवळपास तिथेच आटोपली. मार्टिन स्कोर्सेसीने पुढाकार घेऊन तो 1979 मध्ये पुन्हा लोकांसमोर आणला, तोवर एकोणीस वर्षं निघून गेली होती. परीक्षण लिहिणाऱ्याच्या लेखणीने कुणाची भाकरी जाऊ शकते. आमच्या धंद्यात हे फार थोड्यांच्या लक्षात असतं.

आता जरा एका चित्रपटापाशी थांबू. यासुजिरो ओझूचा ‘टोकियो स्टोरी’, 1953 सालचा. हा कुणालाही सुचवताना मी अडखळतो, कारण गोष्ट सांगितली तर ऐकणारा म्हणतो, यात काय नवीन? ओनोमिची या बंदराच्या गावी राहणारं म्हातारं जोडपं टोकियोला मुलांकडे जातं. थोरला मुलगा डॉक्टर, मुलीचं ब्यूटी पार्लर. दोघांनाही सवड नाही. आईवडिलांची रवानगी आतामीच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर होते. तिथे हॉटेलात रात्रभर गाणी आणि जुगाराचा गोंगाट, डोळ्याला डोळा नाही. परतीच्या प्रवासात आई आजारी पडते, घरी पोचते आणि जाते. युद्धात गेलेल्या मुलाची बायको, नोरिको, तेवढी या दोघांसाठी कामावरून रजा काढते. झाली गोष्ट. मी ती सगळी सांगून टाकली आणि तुमचं काहीही नुकसान झालेलं नाही.

सुरुवातीचाच प्रसंग घ्या. प्रवासाची बांधाबांध चालली आहे. हवा भरायची उशी कुठे आहे, म्हातारी विचारते. तुझ्याकडेच दिली होती, म्हातारा म्हणतो. इथे नाही, ती सांगते; असणारच, तो ठामपणे म्हणतो. थोड्या वेळाने त्याच्याच सामानात ती सापडते. तो ‘सापडली’ म्हणतो, तिला ‘बघा, मी सांगत होते’ म्हणायची गरज वाटत नाही. चाळीस-पन्नास वर्षांचा संसार एवढ्यात उभा राहतो. कॅमेरा जमिनीलगत, मांडी घालून बसलेल्या माणसाच्या डोळ्यांपेक्षाही जरा खाली. ज्याने लहानपणी पाटावर बसून घरातली मोठी माणसं बघितली आहेत, त्याला ही उंची समजावून सांगावी लागत नाही.

मग ती मुलगी, शिगे. तिचा नवरा सासूसासऱ्यांसाठी गोड खाऊ घेऊन येतो, तर ती म्हणते एवढं महागाचं कशाला आणलंत, आणि बोलता बोलता दोघं मिळून त्यातलाच खातात. आई गेल्यावर जेवताना ती आईचे अमुक किमोनो मला हवेत म्हणून मोकळी होते. आपल्याकडे अशा कथेत राग कुणावर काढायचा हे प्रेक्षकाला आयतं मिळतं. ‘नटसम्राट’मध्ये मुलीच्या घरी अप्पासाहेबांवर चोरीचा आळ येतो तेव्हा सगळं नाट्यगृह एका बाजूला जातं. ओझू ती सोय ठेवत नाही. शिगे दुष्ट नाही. आई जाणार हे कळल्यावर ती खरोखर रडते, आणि मग गाडी कितीची आहे ते बघते. धाकटी बहीण या सगळ्यावर संतापते, तेव्हा नोरिको तिला सांगते, मुलं मोठी झाली की त्यांचं आयुष्य वेगळं होतं, मीही कदाचित तशीच होईन. आपल्या हातात दगड असतो, पण तो मारावा असं समोर कुणी नसतं. यावर परीक्षण लिहायचं तर ‘संयत’, ‘तरल’ हे शब्द हाताशी असतात, आणि त्यांनी कुणालाही हा चित्रपट बघावासा वाटत नाही. शिगेच्या त्या खाऊबद्दल सांगितलं तर वाटतो. निदान माझा अनुभव तसा आहे.

खुद्द ओझूला जगापुढे यायला वेळ लागला. हा फारच जपानी, परदेशी लोकांना काय कळणार, अशी त्याच्याच कंपनीची समजूत. ‘टोकियो स्टोरी’ अमेरिकेत रीतसर प्रदर्शित व्हायला 1972 उजाडलं. ओझू त्याआधी नऊ वर्षं, 12 डिसेंबर 1963 रोजी, आपल्या साठाव्या वाढदिवशीच गेला होता. तो पश्चिमेत पोचला याचं बरंच श्रेय डोनाल्ड रिची या अमेरिकन माणसाला जातं. युद्धानंतर टोकियोत आलेला हा माणूस तिथलाच होऊन गेला आणि जपानी चित्रपटांवर आयुष्यभर लिहीत राहिला. स्त्रामिजोलीबाईंसारखाच तोही दोन्ही घरचा.

‘साइट अँड साउंड’चा कौल दर दहा वर्षांनी होतो. 1952 मध्ये पहिला होता ‘बायसिकल थीव्ह्ज’, मग पन्नास वर्षं ‘सिटिझन केन’, 2012 मध्ये ‘व्हर्टिगो’. 2022 मध्ये पहिल्या जागी आला शांताल आकरमानचा 1975 चा ‘जान दिएलमान’, आणि जगभर एकच गिल्ला झाला. या स्थानी येणारा स्त्री-दिग्दर्शकाचा हा पहिलाच चित्रपट. तीन तास एकवीस मिनिटं. ब्रसेल्समधल्या एका विधवेचे तीन दिवस. ती बटाटे सोलते, अंथरूण घालते, मुलाचे बूट पुसते, दुपारी एक गिऱ्हाईक येतं, ते गेल्यावर त्याने दिलेले पैसे टेबलावरच्या सुपाच्या भांड्यात ठेवून झाकण लावते. असा चित्रपट ‘जगातला सर्वोत्तम’ म्हणून कुणाच्या माथी मारणं हा त्या माणसावरही अन्याय आणि चित्रपटावरही. यादी बघून तो लावणारे बहुतेक लोक चाळीस मिनिटांत उठतात. मी त्यांना दोष देत नाही.

मी तो सुचवतो तेव्हा एवढंच सांगतो: पहिल्या दिवशी तिचं स्वयंपाकघर पाठ करून घ्या. कुठलं भांडं कुठे, दिवा कधी मालवते, झाकण कधी लावते. कारण दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजतात. भांडं हातात घेऊन ती घरभर फिरते, ते कुठे ठेवावं हेच तिला सुचत नाही. त्यानंतर सुपाच्या भांड्याचं झाकण उघडंच राहतं, एक बटण लागत नाही, ब्रश हातातून पडतो. इतक्यानेच आपण खुर्चीत सावरून बसतो, कारण तिचं घर आता आपल्याला तिच्याइतकंच ठाऊक असतं. मराठी घरातल्या बाईला हे समजायला फ्रेंच यावं लागत नाही, आणि समीक्षेची परिभाषा तर अजिबात नाही. पुरुषांना थोडा जास्त वेळ लागतो.

मालिकांची गोष्ट वेगळी आहे. तिथे समीक्षक उशिरा पोचतो. लोक आधीच पोचलेले असतात. जपानच्या एनएचके वाहिनीची ‘ओशिन’ एप्रिल 1983 ते मार्च 1984 रोज सकाळी पंधरा-पंधरा मिनिटं चालली, एकूण 297 भाग. गरीब घरातली मुलगी, तांदळाच्या पोत्याच्या बदल्यात कामाला धाडलेली. ही मालिका पुढे डझनावारी देशांत गेली. युद्धाच्या दिवसांतल्या इराणमध्ये तर जुन्या कपड्यांच्या दुकानांना ओशिनच्या सासरच्या आडनावावरून ‘तानाकुरा’ नाव पडलं. कुठल्याही समीक्षकाने तेहरानच्या बायकांना ‘ओशिन बघा’ असं सांगितलेलं नव्हतं. कोरियाची ‘विंटर सोनाटा’ 2003 मध्ये जपानी दूरचित्रवाणीवर आली तेव्हाही तसंच. पन्नाशीच्या जपानी गृहिणी तिच्या नायकावर अशा लुब्ध झाल्या, की जिथे चित्रीकरण झालं ते कोरियातलं नामी बेट बघायला बायकांचे जथे निघाले. वर्तमानपत्रांनी आधी टिंगल केली, मग लेख लिहिले.

आज आपल्याकडे कोरियन मालिकांची तीच लाट आहे, आणि पुण्या-मुंबईतच नाही. यावर लिहिणारे बहुतेक जण एक तर नाक मुरडतात किंवा वेडे होतात. त्या कशा बनतात हे समजून घेतलं तर दोन्ही टळेल. ठरावीक घडण अशी, की सोळा भाग आणि गोष्ट संपली. दिग्दर्शकाइतकंच, कित्येकदा त्याहून जास्त, लेखकाचं नाव चालतं. आठवड्याला दोन भाग. बराच काळ पद्धत अशी होती, की प्रक्षेपण सुरू असतानाच पुढचं चित्रीकरण चालायचं, आणि त्या दिवशीच्या प्रसंगाची पानं त्याच दिवशी सेटवर यायची. प्रेक्षकांचा कल बघून कथा वळायची. बाराव्या-तेराव्या भागाच्या आसपास अनेक मालिकांचा तोल का जातो, याचं उत्तर बऱ्याचदा कथेत नसून या दमछाकीत असतं. तुर्की मालिकांचं दुखणं निराळं. तिथे एकेक भाग दोन-दोन तासांचा, दर आठवड्याला, आणि परदेशी विकताना त्याचेच तुकडे पाडले जातात. आपण जो संथपणा ‘शैली’ म्हणून वाखाणतो तो कधीकधी नुसता वेळ भरलेला असतो.

‘माय मिस्टर’ ही 2018 ची कोरियन मालिका मला यातल्या सर्वांत उजव्या मालिकांपैकी एक वाटते आणि सुचवायला सर्वांत अवघडही. पार्क हे-योंग यांचं लेखन. पहिल्या दोन-तीन भागांत अंधार, मारहाण, कर्जवसुली, कार्यालयातलं हलकट राजकारण. पंचेचाळिशीचा नायक आणि एकविशीची मुलगी हे बघून कोरियातही लोकांनी आधी भुवया उंचावल्या होत्या. यातलं काहीच न सांगता ‘बघाच’ म्हटलं, तर माणूस दुसऱ्या भागात सोडतो. नायक बांधकामाच्या सुरक्षिततेची तपासणी करणारा अभियंता आहे. इमारतीवर बाहेरून येणारे भार आणि ते झेलणारी आतली ताकद, याबद्दल तो त्या मुलीशी बोलतो तेव्हा हा माणूस स्वतःबद्दल बोलतोय हे आपल्याला कळतं, त्याला कळतं की नाही सांगता येत नाही. ती मुलगी कार्यालयातून इन्स्टंट कॉफीच्या पुड्या चोरून नेते, तेच तिचं रात्रीचं जेवण. तिच्या आजीला ऐकू येत नाही, चालता येत नाही. आजीला चंद्र बघायचा असतो, म्हणून मुलगी बाजारातली ढकलगाडी आणते, आजीला तीत बसवते आणि चढणीच्या रस्त्यावरून ढकलत नेते. हा प्रसंग येईपर्यंत थांबा, एवढीच माझी विनंती असते. मुलीने नायकाचा फोन ऐकण्याची सोय करून ठेवलेली असते, आणि सोळा भागांतलं सगळं ममत्व त्या चोरून ऐकण्यातून उगवतं. प्रेमकथा म्हणून बघायला गेलात तर हाती काही लागणार नाही.

पोलंडच्या दूरचित्रवाणीसाठी किस्लोव्स्कीने केलेले ‘डेकालॉग’चे दहा तासाभराचे भाग, बर्गमनचे ‘सीन्स फ्रॉम अ मॅरेज’चे सहा, यांच्यावर स्वतंत्र लेख आहेत, म्हणून इथे नुसता उल्लेख करतो.

आपल्या भागात हे मधे उभं राहण्याचं काम फिल्म सोसायट्यांनी केलं. जानेवारी 1952 मध्ये मुंबईत भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव झाला. तिथे ‘बायसिकल थीव्ह्ज’ बघून आलेल्या बिमल रॉय यांनी पुढच्याच वर्षी ‘दो बीघा जमीन’ केला, हे आता दंतकथेसारखं सांगितलं जातं, पण खरं आहे. 1964 मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभं राहिलं, 1968 मध्ये मुंबईत प्रभात चित्र मंडळ. वकिलातींकडून डबे मागवायचे, हॉल मिळवायचा, प्रोजेक्टर बंद पडला तर प्रेक्षकांच्या शिव्या खायच्या. सभासदांमधले सगळेच कलेचे उपासक होते असंही नाही. सोसायटीच्या खेळांना सेन्सॉरच्या कात्रीतून सूट असायची, आणि स्वीडनचा चित्रपट आहे म्हटल्यावर एरवी न दिसणारे सभासद पहिल्या रांगेत दिसायचे. त्यातले काही चुकून बर्गमनच्या प्रेमात पडले, म्हणजे तेही वाया गेलं नाही.

त्या खेळांआधी एक चक्रमुद्रित कागद हातात पडायचा. दिग्दर्शकाची माहिती, कथेचा सारांश, कुठे लक्ष द्यावं याच्या दोन ओळी. कुणी सही करून मिरवलं नाही, पण एका पिढीला चित्रपट बघायला या कागदांनी शिकवलं. कर्नाटकातल्या हेग्गोडू गावात के. व्ही. सुब्बण्णांच्या नीनासम या संस्थेने हे काम आणखी पुढे नेलं. पुण्याच्या संग्रहालयातून पी. के. नायर चित्रपट धाडत, आणि सुपारीच्या बागांत राबणारी माणसं ‘राशोमोन’, ‘बायसिकल थीव्ह्ज’ बघत. कन्नडमधून आधी सगळं समजावलेलं असे. नायर यांच्यावरच्या ‘सेल्युलॉइड मॅन’ या 2012 च्या माहितीपटात त्या गावातली माणसं अनेक वर्षांनी या चित्रपटांबद्दल बोलताना दिसतात. ‘आमच्या प्रेक्षकाला हे झेपणार नाही’ असं म्हणणाऱ्या संपादकांना आणि निर्मात्यांना मी तो भाग बघायला सांगतो.

मराठीत चित्रपटावर चांगलं लिहिलं गेलेलं नाही, ही ओरड मला मान्य नाही. अरुण खोपकरांचं गुरुदत्तवरचं पुस्तक आहे. प्रकाश कुठून पडतो आणि कॅमेरा का हलतो हे इतक्या जवळून दाखवणारी पुस्तकं इतर भाषांतही थोडी. अडचण आहे ती रोजच्या लेखनाची. शुक्रवारी चित्रपट लागतो, शनिवारी सातशे शब्द हवे असतात. त्यातले चारशे कथेत जातात, शंभर ‘यांनी भूमिकेला न्याय दिला आहे’मध्ये, उरलेल्यांत संगीत, छायाचित्रण आणि तारे. परदेशी चित्रपट असेल तर पारितोषिकांची यादी वर. आता तेवढीही तसदी नको, फलाटावरच्या वजनकाट्यासारखं यंत्रच चिठ्ठी काढून देतं: तुम्ही हे पाहिलंत, म्हणून हेही बघा. मी काय पाहिलं हे त्याला बिनचूक माहीत असतं. त्यातलं निम्मं मी इस्त्री करताना लावून ठेवलं होतं, हे त्याला माहीत नसतं.

या लेखांत मी पाळलेल्या काही गोष्टी सांगून टाकतो. कथा किती उघड करायची याचा एकच नियम ठेवलेला नाही. ‘टोकियो स्टोरी’ अख्खा सांगितला तरी चालतं. काही चित्रपटांचं पहिल्या वीस मिनिटांपलीकडचं एक अक्षरही सांगणं पाप आहे. रक्तपात, बलात्कार, मुलांवरचे अत्याचार जिथे आहेत तिथे लेखाच्या सुरुवातीलाच तसं म्हटलं आहे. त्याने रसभंग होतो असं मला वाटत नाही; ज्याचा होतो त्याने ती ओळ वगळावी. डब केलेली आवृत्ती आणि उपशीर्षकं यांत मी उपशीर्षकांच्या बाजूचा आहे, पण डोळे अधू झालेल्या माणसाने डब बघू नये असं म्हणण्याइतका कर्मठ नाही. कुठला चित्रपट कुठल्या ओटीटीवर आहे हे मुद्दाम दिलेलं नाही. आज इथे असतो, पुढच्या महिन्यात दुसरीकडे, कधी कुठेच नाही. आणि चित्रपट देशांनुसार लावलेले नाहीत. इराणी चित्रपट इराणी म्हणून कुणाला हवा असतो, असं मला दिसलेलं नाही. ज्याच्या घरी शाळेत जाणारं मूल आहे त्याला कियारोस्तामीचा ‘मित्राचं घर कुठे आहे’ हवा असतो, वही चुकून आपल्याकडे राहिली म्हणून डोंगर ओलांडून धावणाऱ्या मुलाचा.

हॉलिवूडवर फारसं काही नाही, त्याची चिंता करणारे पुष्कळ आहेत. आफ्रिका कमी आहे, पण जी आहे ती सुरुवातीलाच. सेनेगलचा उस्मान सेम्बेन आधी कादंबरीकार. आपली पुस्तकं आपल्याच देशातल्या निरक्षर माणसांपर्यंत पोचत नाहीत म्हणून तो चाळिशीत चित्रपटांकडे वळला आणि 1968 मध्ये त्याने वोलोफ भाषेत ‘मंदाबी’ केला. डाकारमधला इब्राहिमा दिएंग, दोन बायका, सात मुलं, काम नाही, ऐट मात्र भरपूर. पॅरिसहून पुतण्या मनिऑर्डर पाठवतो. ती घ्यायला ओळखपत्र हवं, ओळखपत्राला जन्माचा दाखला हवा, दाखल्याला जन्मतारीख हवी, शिवाय फोटो हवा, तिकिटं हवीत. तोवर गल्लीत बातमी फुटलेली असते आणि दिएंगकडे उसने मागणाऱ्यांची रांग लागते. वाण्याची उधारी वाढते. पैसे अजून टपाल कार्यालयातच. तहसील कचेरीत, महापालिकेत किंवा बँकेत ज्याला ‘साहेब जेवायला गेलेत, उद्या या’ हे एकदा तरी ऐकावं लागलं आहे, त्याला या चित्रपटाची आणखी ओळख करून द्यायची गरज नाही. दीड तासाचा आहे, रंगीत आहे, हसवतो आणि मग हसू घशात अडकवतो. पहिला लेख त्याच्यावर आहे. आधी चित्रपट बघून मग लेख वाचलात तरी हरकत नाही.